शेरा

नागपूरला समुद्र नाही.
कुठल्याही दिशेने चालत सुटा,
किनारा येईस्तोवर चपला झिजतात.
तरी कार्तिक लागला
की आमच्या खैरबोडीला काठ फुटतो.

मी गेजवाला.
सकाळी सात, संध्याकाळी पाच,
पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत मांडायचा.
सत्तावीस वर्षं.
पाणी चढलं की ऑफिसातून फोन येतात.
उतरलं की कुणी विचारत नाही.

पण उतरणं हेही बोडीचं कामच.
रोज बोटभर मागे सरते
आणि ठेवून जाते एक पट्टी,
जिला पाणी म्हणता येत नाही, जमीनही नाही.
सातबाऱ्यात तिला नाव नाही.

त्या पट्टीतून पैकाबाई वलथरे
शिंगाडे काढायला उतरते.
घोट्यापर्यंत पाय रुततो,
उपसला की खळगा, खळग्यात इंचभर पाणी,
आणि दुसऱ्या सकाळी
तिच्या टाचेच्या ठशात
टिलवा जेवत असतो.

टिलवा केवढा?
पाचाची जुनी, जाडी नाणी असतात ना,
तसली तीन तळहातावर घ्या.
तेवढा.

नौशीन दुर्बीण घेऊन यायची कॉलेजातून.
म्हणाली, काका, हा बर्फाकडून निघालाय,
खाली समुद्रकाठी जाईल.
मधे पोट भरलं नाही
तर पोचायचा नाही.
मी म्हटलं, म्हणजे आपल्या ठेसनासारखं.
सगळ्या गाड्या इथून जातात,
नागपूरसाठी म्हणून कोणीच येत नाही,
पण पाणी मात्र इथंच भरतात.
ती हसली. मग म्हणाली,
तसंच. फक्त ठेसन दरवर्षी तिथंच सापडायला पाहिजे.

त्या दिवशी वहीच्या शेवटच्या रकान्यात,
जिथे शेरा लिहायचा असतो, मी लिहिलं:
टिलवे एकशे चाळीस. तुतवार नऊ.
एक ओळखू आला नाही.
साहेबांनी लाल पेनाने गोल केला.
अप्रस्तुत.

मग सौंदर्यीकरण आलं.
काठाला दगडी उतार, उतारावर रेलिंग,
रेलिंगवर रंग बदलणारे दिवे,
पायडलच्या बोटी, हंसाच्या आकाराच्या.
बोटी टेकू नयेत म्हणून
पाणी बारमाही एका रेघेवर ठेवायचा हुकूम.
शिंगाडे बंद.
माझं काम सोपं झालं.
रोज तोच आकडा.

ठेकेदाराचे पैसे मात्र संपले
म्हशीघाटापाशी.
चाळीस पावलं काठ तसाच राहिला, कच्चा,
पण पाण्याखाली.

परवा रात्री आवाज आला.
टिट्. टिट् टिट्.
दिव्यांवरून एक घिरटी, मग दुसरी,
हिरव्या उजेडात पोटं हिरवी, लाल उजेडात लाल.
उतरायला बोटभर चिखल नव्हता.
तिसऱ्या घिरटीत आवाज बारीक झाला होता,
की मला तसा वाटला.

पैकाबाई घाटावर बसली होती, पाय पाण्यात सोडून.
काहून बसून राहिली वो, एवढ्या रात्री?
टाचा दुखते, म्हणाली. गाळ लावला की बरं वाट्टे.
गाळ कुठी हाय आता?
तिनं माझ्याकडं पाह्यलं.
चाबी तुह्यापाशीच हाय ना?

तोटीचं चाक गंजलं होतं.
दीड वेढा फिरलं.
रात्रभर नाल्याला पाणी वाजत होतं
आणि मी खाटेवर मोजत होतो,
एक बोट, दोन, तीन.

सकाळी म्हशीघाटापाशी
चाळीस पावलं लांब, हातभर रुंद
काळा, चकाकता काठ.
त्यावर पैकाबाईची पावलं.
बाकीच्या ठशांचं मी सांगत नाही.

सात वाजता वही उघडली.
पट्टी म्हणत होती एक,
मी मांडला कालचाच आकडा.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.
हात कापला नाही.

शेवटचा रकाना उरला.
पेन तिथं जरा थांबलं,
मग लिहिलं, सुवाच्य अक्षरात:
निरंक.